दिव्याखाली ठेवलेला पाय

“आजी, पाय कापावा लागेल असं दिसतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाली. पाय माझा होता, पण पाणी आमच्या म्हाताऱ्याला पाजावं लागलं.

महाळुंग्यात कंपन्यांच्या रस्त्याला चपलेतून पत्र्याचा तुकडा तळव्यात घुसला होता. मला कळलंही नाही. साखरेच्या आजाराने तळव्याची जाणीव कधीच गेली होती. मग गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, जखम तशीच.

“पाण्याची टाकी आतून बुळबुळीत होते ना, तसा जंतूंनी जखमेत थर धरलाय,” बाई म्हणाली. “औषध आत पोचत नाही. एक नवीन मलम आहे, अजून त्याच्या चाचण्या चालू आहेत. त्यात डोळ्याला न दिसणारे बारीक कण असतात. दिव्याचा उजेड पडला की ते कामाला लागतात आणि थर फोडतात. अंधारात नुसते पडून राहतात. खात्री देत नाही. नाहीच जमलं तर कापू.”

“आमच्या थोरल्यावानीच हाय म्हना की,” मी म्हटलं. “तोंडावर ऊन आल्याबिगर उठत न्हाई.”

रोज नर्स मलम लावायची, मला पार अंधार करणारा काळा चष्मा घालायची, पायावर दिव्याचा उजेड सोडायची आणि दुसऱ्या पेशंटकडे जायची. म्हातारा माझ्या उशाला बसायचा. पण जखमेत काडीचा फरक पडेना. बाई दिवा तपासायची, मलम तपासायची, आणि तिचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं. शेवटी तिने ऑपरेशनचं बोलणं परत काढलं.

दुसऱ्या दिवशी चष्मा कानाला टोचला म्हणून मी तो वर केला. माझ्या पायावर म्हाताऱ्याचा टॉवेल. नीट, घडी घालून. उजेड सगळा टॉवेलावर.

“अवो, ह्ये काय?”

“जानारा येनारा बघतोय. उघड्या जखमेला नजर लागती.”

“रोज झाकताय?”

“रोज. नर्सबाईंची चाहूल लागली की काढतो. उगं त्यांना राग नको.”

तळव्याला टॉवेल काय आणि गोणपाट काय, मला कळणार कसं? मी ओरडून बाईला बोलावलं. तिने कपाळाला हात लावला आणि मग खिडकीकडे तोंड करून हसली.

“आजोबा, उद्यापासून बाहेर बसा.”

“एकटी घाबरंल ती.”

“मी न्हाई घाबरत,” मी म्हटलं. “तुमीच घाबरताय.”

पाय गेला तर मी उठणार नाही, असं म्हाताऱ्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी तो आतच बसला, पण टॉवेल नर्सकडे जमा करून. नजरेसाठी त्याने माझ्या गुडघ्याला काजळाची तीट लावली. तिला बाईने हरकत घेतली नाही.

पहिल्यापासून सगळं परत सुरू झालं. हळूहळू जखमेतला चिकटा सुटला, वास गेला, लाल मांस धरलं.

उशीर झाल्याने करंगळी गेली. पाय राहिला, मी राहिले. म्हाताराही राहिला, कारण टॉवेल दिसला त्या दिवशी काठी माझ्या हाताशी नव्हती.