खडूची चांदणी आणि दुसरा सीझन

एका मालिकेचे आठ भाग काढायला पावणेतीन वर्षं लागतात, हे मला अजून पटत नाही. तेवढ्या काळात डोंबिवलीत आमच्या समोरची तीन मजली बिल्डिंग पडली, तिच्या जागी अकरा मजले उभे राहिले आणि लोक राहायलाही आले. मालिका काढणारे भेटले असते तर चांगलं फैलावर घेतलं असतं. आज मात्र त्यांनी घाई केली नाही म्हणून मी त्यांचे उपकार मानतो.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. पाडायला काढलेल्या इमारतींतून सागवानी दारं, चौकटी, ग्रिल उचलायची आणि कल्याण-शीळ रोडवरच्या वखारीत आणून विकायची. सुरुवात दिव्याच्या एका खोलीतून केली, पहिली दोन दारं डोक्यावर वाहून आणलेली. शिक्षण बेताचं, भांडवल तोंडाचं. बिल्डिंगमध्ये कुणाला लग्नाचा हॉल ठरवायचा असला किंवा लिफ्टवाल्याशी करार करायचा असला की लोक मला पुढे करतात. माझी युक्ती साधी आहे. समोरचा अडून बसला की पाठ फिरवायची आणि दहा पावलं चालायची. दहाच्या आत हाक येतेच.

वखारीत आमची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला दार पसंत पडलं, पण त्याचं घर अजून तयार नाही, असं झालं की मी त्याच्या हातात खडू देतो. तो दारावर स्वतःची खूण काढतो. त्या दाराला मग कुणी हात लावायचा नाही, दुप्पट भाव आला तरी. आणि माल द्यायची वेळ झाली की फोन वखारवाल्याने करायचा, गिऱ्हाइकाने नाही.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिला कावीळ झाली. महिनाभर अंथरुणात, जेवण बिनतेलाचं, तोंड उतरलेलं. दिवसभर टीव्हीवर कसली तरी सुपरहिरोंची मालिका लावून पडलेली असायची. एकदा आवाज कमी कर म्हणून ओरडायला मी आत गेलो. पडद्यावर मुखवटा घातलेली एक बाई धावत येऊन खांद्याने दार फोडत होती.

"खोटं आहे," मी म्हणालो. "सागवान असता तर हिचा खांदा उतरला असता. हे आतून पोकळ आहे."

पोरगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी पलंगाच्या कडेला बसलो तो उठलोच नाही. पुढचे पंधरा दिवस दुपारी जेवायला घरी यायचो आणि तिच्याबरोबर एक भाग बघायचो. कुठलं दार खरं, कुठलं खोटं, ते मी सांगायचो. कोण दगा देणार, ते ती सांगायची.

शेवटच्या भागात ती मुखवटेवाली एका बंद दारासमोर येते. आतून तीनदा ठकठक होते. ती कडीला हात लावते आणि पडदा काळा होतो.

"लाव की पुढचा," मी म्हणालो.

"पुढचा नाहीये, बाबा. आता डायरेक्ट दुसरा सीझन."

"कधी?"

"वर्षाने, दोन वर्षांनी. कुणी सांगत नाही."

"म्हणजे इसार घेऊन पळालेच की हे लोक."

तिने माझ्या खिशातला खडू काढून घेतला आणि टीव्हीच्या लाकडी कपाटाच्या बाजूला एक चांदणी काढली. "खूण केली. दुसरा सीझन आपल्या दोघांचा. एकट्याने हात लावायचा नाही."

कॉलेज संपून तिला नोकरी लागली आणि वर्षभरात तिचं लग्न झालं. जावई तिच्याच ऑफिसातला, मुलगा चांगला. लग्नात काही कमी पडलं नाही. मग एके दिवशी दोघं पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केला होता.

मी विचारलं, "भाव कुणी केला?"

"आम्हीच," मुलगी म्हणाली. "त्यांनी सांगितला, आम्हाला परवडत होता, आम्ही हो म्हटलं."

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गल्लीची घासाघीस मी करतो आणि माझ्या मुलीने घर घेतलं ते सांगतील त्या भावाने? मला नेलं का नाहीस, एवढंच मी विचारलं. किती जोरात विचारलं ते शेजाऱ्यांना माहीत.

ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही ओरडता, बाबा. सोफा घ्यायला गेलेलो, तेव्हा तुम्ही काउंटरवरच्या मुलीला रडवलंत. ती माझ्या वयाची होती. मला परत तसं मान खाली घालून बसायचं नव्हतं."

"मग त्या घरात माझं पाऊल पडणार नाही," म्हणून मी पाठ फिरवली. आमच्या घरात दहा पावलं मावत नाहीत. मी जिना उतरून गेटपर्यंत गेलो. हाक आली नाही. परत वर आलो तेव्हा दोघं दुसऱ्या जिन्याने गेली होती आणि पेढे टेबलावर तसेच होते.

लहानपणी माझं बोट धरून ती बाजारात यायची, हे मी त्या दिवशी विसरलो. मी पाठ फिरवली की ती मोठ्याने पावलं मोजायची, आणि मी दटावायचो की मनात मोज, त्याला कळेल. युक्ती तिला माझ्याइतकीच येत होती. तिनेही पाठ फिरवली. दीड वर्ष आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून मनात पावलं मोजत राहिलो.

ती आईला फोन करायची. फोन आला की मी टीव्हीचा आवाज बंद करायचो आणि पेपर वाचतोय असं दाखवायचो. वास्तुशांतीला आमची ही एकटीच गेली. परत आल्यावर मी आडून आडून सुचवलं, तिला सांग ना, एकदा येऊन जा म्हणून.

"मी तुमची दलाल नाही," ही म्हणाली. "आपापला सौदा आपापला करा."

मग एका दुपारी जेवायला घरी आलो, टीव्ही लावला, तर समोर ती मुखवटेवाली. दुसरा सीझन, आठही भाग. ही भाजी आणायला गेलेली. रिमोट हातात. खरं सांगतो, पहिला विचार वाईटच आला. एकटाच बघतो, कळू दे तिला. बटणावर अंगठा ठेवला आणि नजर कपाटाकडे गेली. चांदणी होती.

खुणेचा माल मी आजवर कुणाला दिलेला नाही. मग आठवलं की फोन वखारवाल्याने करायचा असतो. हा धंद्याचा फोन, यात हार कसली, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

तिने उचलला. मी म्हणालो, "तुमचा माल आलाय. बाजूला ठेवलाय. कधी नेता?"

पलीकडून आवाज आला, "किती नग?"

"आठ."

"हात नाही ना लावला?"

"खूण आहे."

"घरपोच द्या."

"गिऱ्हाइकाने यायचं असतं."

"मग चार तिकडे, चार इकडे. शेवटचं सांगते, बाबा."

मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला हो म्हटलं.

हा सीझन वर्षभर आधी आला असता तर राग ताजा होता. मी एकटा बसून आठही भाग संपवले असते आणि वर तिला ते मुद्दाम कळवलं असतं. त्या लोकांच्या ढिलाईने मला वाचवलं.

रविवारी सकाळी दोघं आली. पहिला भाग लावला. मुखवटेवालीने कडी काढली, दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. खिडकीची झडप वाऱ्याने आपटत होती, तीच ती ठकठक.

"खिडकी?" मी म्हणालो. "पावणेतीन वर्षं खिडकीसाठी?"

"लाज वाटत नाही यांना," मुलगी उभीच राहिली. "लोकांना मूर्ख समजतात का?"

"एक बिजागरी ढिली आहे, दुसरं काही नाही. माझा माणूस दहा मिनिटांत बसवून देईल."

"आणि वर तीनदाच वाजते. वारा काय मोजून येतो?"

आम्ही दोघं बराच वेळ ओरडत होतो. जावई घाबरून सासूकडे बघायला लागला. ही म्हणाली, "चालू दे त्यांचं. तुम्ही पोहे घ्या."

निघताना मुलगी कपाटाजवळ थांबली. "ही माझी चांदणी नाही. मी हात न उचलता काढते, पाच टोकांची. ही सहा टोकांची आहे."

मी वाकून बघितलं. खरंच सहा होती, रांगोळीत काढतात तशी. लाकडाची नस लांबून ओळखणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "दर दिवाळीला साफसफाईत पुसली जायची. मग मी काढायचे."

दलाल नाही म्हणणारी ही बाई. मी खिशातला खडू काढून ओट्यावर तिच्यापुढे ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही घोडबंदर रोडला गेलो. सव्वा तास ट्रॅफिकमध्ये. ही पुढे होऊन आत गेली. मी दारापाशी थांबलो आणि सवयीने बोटाच्या पेराने दोनदा वाजवून बघितलं. पोकळ. दात आवळून धरले.

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, पोकळ आहे, माहितीये मला. आत या."

मी चपला काढल्या आणि आत गेलो. घर हवेशीर आहे, उजेड चांगला येतो. भाव मात्र त्यांनी जास्तच दिला, हे माझं मत कायम आहे. ते मी मनात म्हणतो.