रवळनाथाचा कौल आणि नर्मदेचं ट्रेनिंग कॉलेज

नर्मदा सातवीची फायनल पास झाली आणि घरात नसती पंचाईत उभी राहिली. नापास झाली असती तर वालावलचा एक बिजवर तयारच होता. आता ती म्हणत होती, मास्तरीण होणार. त्यासाठी ट्रेनिंग कॉलेज हवं, आणि कॉलेजं दोन. एक घाटावरचं, दगडी कमानीचं, नुसतं नाव घेतलं तरी लोकांची छाती फुगायची. दुसरं खाडीपलीकडे जुन्या वखारीत भरायचं, त्याचं नाव कुणाला धड आठवत नसे.

खर्च गुरुदासमामाचा. नर्मदेचा बाप तांडेल होता, शिडाचा पडाव हाकायचा. तो वारल्यापासून तिच्या आईच्या, हौसाबाईच्या, घरात मामाच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. मामाने बजावलं, एकदाच धाडीन. मध्येच परत आलीस तर वालावल. कॉलेज मात्र त्याने गावच्या रवळनाथाला कौल लावून ठरवलं. भिकाजी गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, मामाने घाटावरच्या कॉलेजचं नाव घेतलं आणि उजवी पाकळी टपकन पडली. उजवी म्हणजे होय. मामा इतका खूश झाला, जणू देवाने त्यालाच भरती करून घेतलं होतं.

नर्मदेने निमूट मान डोलावली आणि आईला घेऊन दोन्ही कॉलेजं बघायला निघाली. "नुसता बघून येवया गो," ती म्हणाली. हे सपशेल खोटं होतं.

घाटावरचे हेडक्लार्क पान चघळत म्हणाले, "आमच्याकडे टिकणं सोपं नाही, बाई. दिवाळीपर्यंत निम्म्या पोरी ट्रंक उचलून घरी जातात. त्यातून खेड्यातल्या तर हमखास. असा आमचा दर्जा!" हौसाबाई भारावून गेली. नर्मदेने मात्र तिला उठवून खाडीची वाट धरली.

वखारीत मुख्य बाई पोरींबरोबर भात वेळून पेज काढत होत्या. पोरी घरून तांदूळ आणत, पाळीने रांधत. गणितात अडेल तिला वरच्या वर्गातली संध्याकाळी घेऊन बसे. मध्येच किती जणी जातात, असं नर्मदेने विचारल्यावर बाई ओशाळल्या.

"जाऊ कुठे देतो आम्ही? एक गेली होती, तिला घरून ओढून आणली. सगळ्या पास होतात हो. म्हणून तर लोक म्हणतात, यांच्याकडे काही दम नाही."

हौसाबाईने नाक मुरडलं. नर्मदेने तिथल्या तिथे नाव घातलं.

घरी मामाने थयथयाट केला. "देवाच्या शब्दाभायर जातंस?" दुसऱ्या दिवशी सगळा गोतावळा देवळात, देवाची माफी मागायला. गुरव सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणार एवढ्यात नर्मदाच पुढे झाली. देवळात बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. पण तिला थांबवायची रीतही कुणाला ठाऊक नव्हती.

"बा रवळनाथा म्हाराजा! मामान तुका कॉलेजाचा नाव सांगल्यान, पन थंय अर्धी चेडवां परत धाडतत, ह्या सांगूक नाय. जेच्या पडावातली अर्धी माणसां बुडतत, तो कसलो तांडेल? म्हणान ह्या चेडू खाडीपलीकडे शिकाक जाता. तेची राखण कर, आणि मामाक खर्च देवची बुदी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले. गाऱ्हाण्याला जन्मभर हेच म्हणत आले होते, जीभ आपोआप वळली. सगळ्यांत मोठा आवाज मामाचा होता.

देवासमोर 'होय' म्हटलेलं मागे कसं घेणार? नर्मदा होडीत बसेपर्यंत मामा ज्याला त्याला सांगत होता, "चुकान गेला रे तोंडातसून!" तांदळाचं गाठोडं मात्र त्यानेच धक्क्यापर्यंत वाहून आणलं होतं.

आणि दिवाळीच्या सहामाहीत नर्मदाच गणितात नापास झाली. रडली आणि ट्रंक भरली. वालावल डोळ्यांसमोर दिसू लागलं. मुख्य बाई आल्या, त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि त्या ट्रंकेवरच फतकल मारून बसल्या. बाई चांगल्या वजनदार होत्या.

"पाटी आण," त्या म्हणाल्या. "अपूर्णांक येईपर्यंत मी काही इथून उठत नाही."

जेवायची वेळ टळली तरी बाई उठल्या नाहीत. पुढे नांदगावच्या शाळेत नर्मदाबाईंनी जन्मभर गणितच शिकवलं.