सहदेव राऊळचा अडलेला आवाज

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कबड्डीची स्पर्धा असली की माईक सहदेव राऊळच्या हातात असायचा. दिवसभर तो स्टेशनजवळच्या एका कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसायचा, पाकिटांवर शिक्के मारायचा. संध्याकाळी मैदानावर आला की वेगळाच माणूस. मी त्याच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो आणि स्पर्धेत गुणलेखकाचं काम करतो, म्हणजे टेबलावर त्याच्या बाजूची खुर्ची माझी. त्याला इतकी वर्षं इतक्या जवळून दुसऱ्या कोणी ऐकलं नसेल.

तो ओरडायचा नाही. बाकीचे समालोचक घसा फाडतात. हा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत गेला की आवाज खाली आणायचा. सगळं मैदान कान टवकारायचं. मग पकड झाली की एकदम वर. भांडुप, कुर्ला, घाटकोपर, कुठून कुठून मंडळं त्याला बोलवायला यायची. खेळाडूंच्या आया त्याला ओळखायच्या, कारण तो पोरांच्या नावासोबत गावाचं नावही घ्यायचा. "चढाईला चाललाय आपला फोंडाघाटचा तेजस," असं म्हटलं की गर्दीत कुठेतरी एक बाई पदर सावरून उभी राहायची.

पहिल्यांदा झालं ते एका उपांत्य सामन्यात. "चढाई" म्हणताना त्याचा आवाज मधेच तुटला. कोणी आतून गळा दाबल्यासारखा. त्याने पाणी प्यायलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटला. लोक हसले. त्यालाही हसू आलं. धूळ गेली असेल म्हणाला. मंडळाचा अध्यक्ष नंदू सकपाळ, सहदेवचा शाळेपासूनचा मित्र, त्याने खडीसाखर आणून दिली.

धूळ नव्हती. महिन्याभरात बोलणं सगळं तसंच झालं. अडकत, पिळवटत, प्रत्येक शब्द ढकलून बाहेर काढल्यासारखा. काउंटरवर गिऱ्हाईक विचारायचं, "रडताय का काय?" फोन उचलला की समोरचा रेंज नाही म्हणून कट करायचा.

मग डॉक्टर सुरू झाले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. मुलुंडच्या एका कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाने नाकातून बारीक दुर्बीण घातली, "ई म्हणा" सांगितलं, आणि स्वरयंत्र अगदी छान आहे, ॲसिडिटी आहे असं निदान केलं. चहा बंद, तिखट बंद, पलंगाच्या उशाखाली दोन विटा. घाटकोपरच्या दुसऱ्याने पुन्हा दुर्बीण घातली, पुन्हा "ई म्हणा", आणि आवाजाला पूर्ण विश्रांती सांगितली. सहदेव महिनाभर मुका राहिला. रश्मी वहिनी, त्याची बायको, स्वयंपाकघरातून काही विचारायच्या आणि हा खुणेने उत्तर द्यायला उठून आत जायचा. महिना संपला, तोंड उघडलं, जैसे थे. तिसऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "घशात काहीच नाही. टेन्शन कमी करा." मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. त्या गोळ्यांनी सहदेव काउंटरवर पेंगायला लागला. आवाज होता तसाच राहिला.

गावाहून आई फोन करायची. "कोणाची तरी नजर लागली तुका," असं म्हणून तिनं दृष्टही काढली, तिथूनच, त्याच्या फोटोवरून.

पण माणसाला खरं पिळून काढलं ते आजारातल्या एका विचित्र गोष्टीने. सहदेव बोलू शकत नव्हता, पण गाऊ शकत होता.

गणपतीत हे सगळ्यांसमोर आलं. मंडळाच्या आरतीला तो उभा होता, आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात त्याने सगळी आरती म्हटली. मंत्रपुष्पांजलीही. मी बघतच राहिलो. आरती संपली, नंदूने विचारलं, "अरे झकास! बरा झालास की!" सहदेवने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा तीच पिळवट. "न... नाही रे..."

नंदूचा चेहरा बदलला. "आता दोन मिनिटांपूर्वी गात होतास ना?"

"ग... गाताना... येतं..."

"गाताना येतं आणि बोलताना येत नाही? सहदेव, मला काय वेडा समजतोस काय यार? समालोचन करायचं नसेल तर सरळ सांग ना."

सहदेवचं उत्तर बाहेर यायला वेळ लागणार होता. नंदू तोपर्यंत थांबला नाही. त्या थंडीतल्या स्पर्धेला गोरेगावहून एक इव्हेंटवाला निवेदक आणला गेला. तो हिंदीत किंचाळायचा, प्रत्येक गुणाला डीजे वाजवायचा, आणि चढाईपटूला "हिरो" म्हणायचा, सगळ्यांनाच. सहदेव पहिल्या दिवशी येऊन मागे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

घरातही तेच. मुलगी श्रुतिका कॉलेजात होती. एकदा ती मोबाइलवर काहीतरी दाखवत होती आणि सहदेव पोट धरून हसला, स्वच्छ, मोकळं. ती म्हणाली, "बाबा, हसताना बरोबर येतो आवाज. मग थोडा प्रयत्न करा ना." ती प्रेमानेच बोलली होती. सहदेव उठून गॅलरीत गेला. मला नंतर म्हणाला, म्हणजे कुजबुजला, कारण कुजबुजताना त्याचा आवाज अडत नसे, "माझ्या घरात माझ्यावर केस चालू आहे."

अडीच वर्षं गेली अशी. मग रश्मी वहिनींच्या ऑफिसातल्या कुणाकडून कळलं की एका मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉ. गंधाली वर्तक नावाच्या बाई आवाजाच्या आजारांवर संशोधन करतायत. मी सोबत गेलो, कारण गर्दीत कुजबूज ऐकू जात नसे आणि नाव-पत्ता सांगायलासुद्धा त्याला कोणीतरी लागायचं.

डॉक्टर पस्तिशीच्या असतील. त्यांनी दुर्बीण बाजूला ठेवली. "आधी बोला," म्हणाल्या.

सहदेव माझ्याकडे बघायला लागला.

"ते नकोत, तुम्हीच बोला काका. म्हणा, आमची आई आंबोलीला आली."

तो ते वाक्य म्हणताना घामाने भिजला. दर शब्दाला आवाज तुटला. मग त्यांनी दुसरं वाक्य दिलं, तेच कुजबुजत म्हणायला लावलं, मग म्हणाल्या, "आता गा. काहीही." त्याने सुखकर्ता म्हटलं. नंतर दुर्बीण घातली, पण "ई"वर थांबल्या नाहीत. नळी आत असतानाच बोलायला लावलं. पडद्यावर मलाही दिसलं. बोलताना स्वरयंत्राच्या दोन पट्ट्या मधेच एकमेकींवर घट्ट आवळल्या जात होत्या.

"याला स्पाझमोडिक डिस्फोनिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "घसा चांगला आहे. मेंदूकडून त्या स्नायूंना जाणारा हुकूम चुकतो, तोही फक्त बोलताना. गाताना, हसताना मेंदू बहुधा वेगळ्या वाटेने काम करतो, म्हणून तेव्हा येतो आवाज. हे नाटक नाही आणि वेडही नाही."

मला वाटलं सहदेव रडेल, हात जोडेल. तो भडकला. टेबलावर हात आपटून, तुटत तुटत म्हणाला, "अ... अर्धा तास. तुम्हाला अर्धा तास लागला. मग अडीच वर्षं हे सगळे काय ब... बघत होते?"

"आत बघत होते," डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार बोलणं ऐकून ओळखावा लागतो. आपल्याकडे तेवढा वेळ बऱ्याच जणांना नसतो. माझ्या अभ्यासाचा एक भाग तोच आहे, निदानाला किती उशीर होतो आणि का."

"म... मी अभ्यासाचा भाग."

"हो," त्या म्हणाल्या. काही सारवासारव केली नाही.

अभ्यासाचा दुसरा भाग उपचाराचा होता. मानेतून सुई घालून त्या आवळणाऱ्या स्नायूत औषध सोडायचं, म्हणजे स्नायू थोडा सैल पडतो. काही रुग्णांना कमी मात्रा, काहींना जास्त. कोणाला कुठली ते ना रुग्णाला सांगायचं, ना आवाज तपासणाऱ्याला. औषधाचा परिणाम तीन-चार महिने. मग पुन्हा सुई. कायमचा इलाज नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. आवाज नुसता हवेसारखा झाला, पाणी पिताना ठसका लागायचा. वहिनी घाबरल्या. मग एका सकाळी तो खाली दूध आणायला गेला आणि दूधवाल्याला म्हणाला, "दोन पिशव्या दे रे," आणि पिशव्या हातात धरून तिथेच उभा राहिला. घरी येऊन त्याने फोनवर आईशी तासभर गप्पा मारल्या. आई मधेच झोपली म्हणे.

त्याने नंदूला स्वतःहून फोन केला. नंदू चाट पडला. माफी वगैरे मागणाऱ्यातला तो नाही, म्हणाला, "चल तर मग, जानेवारीची स्पर्धा तुझी."

आणि इथे सगळी वाट लागली.

दुसरी सुई नोव्हेंबरच्या शेवटी मिळायची होती. ऑक्टोबरात आवाज पुन्हा अडायला लागला. नोव्हेंबरात रुग्णालयातून कळलं की अभ्यास तात्पुरता थांबलाय. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मुदतवाढ आली नाही आणि नवीन औषध वरून सुटलं नाही. सहदेव दर आठवड्याला जायचा. दर आठवड्याला तेच.

"मॅडम, अभ्यासाबाहेर द्या ना," मी त्याच्या वतीने विचारलं.

"अभ्यासाचं औषध अभ्यासाबाहेर देता येत नाही. बाहेरून विकत आणलंत तर यांना अभ्यासातून काढावं लागेल, आणि एवढी मेहनत फुकट जाईल." त्या थकलेल्या दिसत होत्या. "तुम्हाला वाटतं मी हे मुद्दाम करतेय?"

"न... नाही," सहदेव म्हणाला. "पण जा... जानेवारी माझा जातोय."

मग त्यांनी एक विनंती केली, आणि ती ऐकून मला बाईंचा राग आला. डिसेंबरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची एक परिषद होती, अंधेरीला. त्यांना तिथे अशा रुग्णाचा आवाज ऐकवायचा होता. "ध्वनिमुद्रण आहे, पण प्रत्यक्ष ऐकलं की डॉक्टर विसरत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि सध्या तुमच्यावर औषधाचा परिणाम नाहीये."

म्हणजे मोडलेला आवाज हवा होता. मी नको म्हणालो. सहदेव तयार झाला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

हॉटेलातला थंडगार हॉल, सूटबूटातले शंभरेक डॉक्टर, जेवणाआधीची वेळ. गंधाली मॅडमनी आकडे दाखवले. त्यांच्या रुग्णांना निदान मिळेपर्यंत सरासरी काही वर्षं गेली होती, महिने नव्हे. मग सहदेवला पुढे बोलावून माईक दिला. आंबोलीचं वाक्य त्याने म्हटलं. मग ठरलेलं नसताना तो बोलत राहिला.

"मी क... कबड्डीचं समालोचन करतो. करायचो. तुमच्यातल्या त... तिघांनी मला तपासलंय. इथे आहेत का मा... माहीत नाही. प्रत्येकाने 'ई' म्हणायला लावलं. मी घ... घरी कोणाशी 'ई' बोलत नाही हो."

पुढच्या रांगेत दोन-चार जण हसले. काही जणांनी मोबाइलमधून मान वर केली. तो आणखी बोलला, गणपतीचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. पाच मिनिटांचं बोलणं त्याला पंधरा मिनिटं लागली आणि अध्यक्षस्थानी बसलेले घड्याळ बघत होते.

शेवटी एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. शांतपणे, सभ्यपणे विचारलं, "यांचा स्वभाव मुळात काळजी करणारा आहे का? मानसिक भाग असणारच ना थोडा?"

गंधाली मॅडमचे कान लाल झाले. त्यांनी उत्तर दिलं, नीट, मुद्देसूद. ते गृहस्थ मान हलवत बसले, पटल्यासारखे नाही. मग जेवणाची घोषणा झाली आणि हॉल रिकामा झाला.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मॅडम आमच्यासोबत येऊन उभ्या राहिल्या. "माझे सर आहेत ते," म्हणाल्या. "मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आठ वर्षं सांगतेय मी त्यांना." त्यांचा आवाज चिडून कापत होता. सहदेवने त्यांच्याकडे बघितलं आणि तो पहिल्यांदाच त्यांच्याशी नीट बोलला, म्हणजे कुजबुजला, "तुम्हालापण कोणी ऐकत नाही तर."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परवानगी आली, औषध आलं, सुई मिळाली. स्पर्धा दोन आठवड्यांवर. सहदेवने नंदूला तारीख पुढे ढकलायची विनंती केली.

"अरे ग्राउंडची परवानगी मिळालीय, संघ ठरलेत. तुझ्या घशासाठी कबड्डी थांबवू?"

"माझ्या घशासाठी नाही, ऐकणाऱ्यांसाठी," सहदेव हवेसारख्या आवाजात म्हणाला. "राहू दे."

शेवटी पहिले दोन दिवस गोरेगाववाला आणि अंतिम दिवस सहदेव, असं ठरलं. अंतिम दिवशीही आवाज पुरता आला नव्हता. तुटत नव्हता, पण पातळ होता, दम लागत होता. ज्या उतार-चढावासाठी लोक त्याला ऐकायचे, त्यातला चढ गायबच. मी बाजूला बसून त्याच्या मानेवरच्या ताणलेल्या शिरा बघत होतो. त्याला किती राग येतोय ते कळत होतं.

मध्यंतरानंतर मागून कोणीतरी ओरडलं, "ओ निवेदक, आवाज वाढवा!"

सहदेवने माईक तोंडाशी धरला. "वाढत नाही. पुढे या आणि ऐका."

काही लोक खरंच पुढे सरकले. काही भेळ खायला गेले. सामना रंगला, दोन गुणांनी निकाल लागला, आणि त्याने विजेत्यांची नावं गावांसकट वाचली.

अभ्यास आता संपलाय. सहदेवला कमी मात्रा मिळत होती, हे त्याला शेवटी सांगितलं गेलं. जास्त मात्रावाल्यांचा आवाज थोडा अधिक टिकला म्हणे. ते ऐकून तो तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि तेव्हा आवाज चांगला होता. पुढच्या सुया स्वतःच्या खर्चाने घ्याव्या लागतात, त्या तो स्पर्धांच्या तारखा बघून घेतो, आणि तारखा कायम बदलतात. गंधाली मॅडमचा शोधनिबंध छापून आला, तो त्यांनी त्याला पाठवला. इंग्रजीत आहे. श्रुतिकाने वाचून दाखवला. त्यात तो कुठेच नाही, नुसता टक्केवारीत आहे, असं तिचं म्हणणं. सहदेवने विचारलं, "परिषदेतल्या त्या सरांनी वाचला का?"

ते कोणालाच माहीत नव्हतं.