ओडवारने बंद केलेला पहारा

तीस वर्षं ओडवार एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत आला होता: वीज गेली तर यंत्राने सरळ बंद पडावं. पण व्होल्टेज नुसतं ढेपाळलं, तर ते अर्धवट शुद्धीत राहतं आणि वाट्टेल ते करून बसतं. म्हणून चिपमध्ये व्होल्टेजवर पहारा हवा. घसरलं की यंत्र थांबवायचं, सावरलं की नव्याने सुरू करायचं. मत्स्यशाळांसाठी यंत्रं बनवणाऱ्या ट्रॉनहाइमच्या त्याच्या कंपनीत सगळे या पहाऱ्यावरून त्याची टर उडवायचे.

आणि हौदांत प्राणवायू सोडणाऱ्या नव्या यंत्रात याच शहाण्याने तो पहारा स्वतःच्या हाताने बंद केला! का, तर मालक स्टाइनारला खोक्यावर 'बॅटरी पाच वर्षं' छापायचं होतं आणि पहारा थोडी वीज खातो. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. वाद नको म्हणून यानेही डोलावली. शी! काय चाटायचाय असला सभ्यपणा?

चाचणी झाली उबदार खोलीत. फेब्रुवारीत, ते यंत्र घेतलेल्या गुडवेगबाईच्या मत्स्यशाळेबाहेर पारा उणे बावीसवर गेला. भिंतीवरच्या डब्यातल्या बॅटरीचं व्होल्टेज ढेपाळलं, यंत्राने भ्रमिष्टासारखी स्वतःचीच स्मृती खरडली आणि प्राणवायूची झडप मिटून घेतली. ट्राउट माशांची चाळीस हजार पिल्लं गुदमरली.

तपासणी होईपर्यंत कशाला हात लावू नका, असं विमेवाल्यांनी बजावलं होतं. यंत्र तपासून अहवाल द्यायला ओडवार तिसऱ्या दिवशी पोचला. पांढरी पोटं, वर बुळबुळीत साय, घशात उतरणारा सडका वास. त्याला किळस आली. माशांची कमी, स्वतःची जास्त.

इतक्यात स्टाइनारचा फोन आला.

"लिहून टाक, बॅटरी तिने वेळेवर बदलली नाही. मिटलं."

"नवी आहे रे बॅटरी. तिची चूक ठरली तर विमा बुडेल, तिच्या मत्स्यशाळेला कुलूप लागेल."

"तू आपला की तिचा?"

"थू तुझ्या तोंडावर!" ओडवार ओरडला. "पहारा मी बंद केला होता. तसंच लिहितोय." त्याने फोन कापला.

गुडवेग मागेच उभी होती, कॉफीचा थर्मास घेऊन.

"म्हणजे असं होणार, हे तुला माहीत होतं?"

"हो."

आल्यागेल्याला कॉफी पाजणारी बाई ती. तिने झाकण घट्ट फिरवलं, थर्मास काखेत मारला आणि भिंतीवरचं जाळं त्याच्या पुढ्यात टाकलं.

"लिहून झालं की उपसायला लाग. पाच हौद आहेत."