कमलम्माची पाठवणी

गोजाबाईबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगते. पण दुसरं कुणी लिहिणार नाही. आमच्या शुक्रवार पेठेत भाकऱ्या थापणाऱ्या बाईवर कोण कशाला शाई खर्च करेल?

बाई मूळची कर्नाटकच्या सीमेवरल्या मैंदर्गीकडची, शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा वारल्यावर सोलापुरात आली आणि अक्कलकोट रोडला कारखान्यांच्या मागं एका खोलीत राहिली. रोज सकाळी पेठेतल्या नऊ घरांत भाकऱ्या करायची. माझ्याकडं चौदा वर्षं. भांडायची ती फक्त पिठाशी, आणि तेही कानडीत. ज्वारीला चिकटपणा नसला की डबा माझ्यापुढं आपटायची. मी पडले मास्तरीण! पन्नास वेळा तिला शुद्ध बोलायला शिकवायला गेले. ती "व्हय बाई" म्हणायची आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायची.

दोन हजार वीसचा जून आला. कोरोनानं दवाखाने भरले होते, हाताखाली माणसं नव्हती. तेव्हा धारवाडकडून सहा जण आपणहून मदतीला आले. त्यात एक कमलम्मा, निवृत्त नर्स, पन्नाशी उलटलेली. त्यांना राहायला कुणी जागा देईना. मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, माझी माडीवरची खोली घ्या. तीस वर्षं पोरांना पाहुणचारावर निबंध लिहायला लावले होते ना!

चार दिवस बरे गेले. मग बोळात कुजबुज सुरू झाली. आमच्या मंडळाचा अध्यक्ष मल्लिनाथ लांबूनच ओरडून सांगून गेला की सरोजिनीबाई, तुमच्या एकटीपायी सगळी पेठ मरेल. आमच्या ह्यांना, एकनाथरावांना, साखरेचा आणि हृदयाचा त्रास. माझी पाचावर धारण बसली. भीती खरी होती, ते मी नाकारत नाही. पण तेवढ्यानं माझी सुटका होत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, कमलम्मा रात्रपाळी करून परत यायच्या आत, मी तिची बॅग ओट्यावर ठेवली आणि दाराला आतून कडी घातली. आणि माझं शहाणपण ऐका. सवाष्ण घरातून रिकामी जाऊ नये म्हणून बॅगेवर नारळ, खण, तांदूळ आणि कुंकवाची पुडी मांडली. बाईला घराबाहेर काढायचं आणि वर तिची ओटी भरायची! कुठल्या शास्त्रात बसतं हे? पण त्या सकाळी मला ते अगदी रीतीला धरून वाटलं होतं.

ती आली. दोनदा कडी वाजवली. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. तिच्या गालांवर मास्कचे वळ उठले होते. बॅग दिसली तशी ती ओट्यावर बसली आणि रडायला लागली. टाळेबंदीमुळं गोजाबाई तेव्हा घरूनच भाकऱ्या करून आणायची. ती नेमकी त्याच वेळी आली. तिनं बॅग बघितली, नारळ बघितला, बंद दार बघितलं. दोघी कानडीत बराच वेळ बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. मग गोजाबाईनं खण-नारळ कमलम्माच्या पदरात घातला, बॅग आपल्या डोक्यावर घेतली आणि दोघी निघाल्या. माझ्या भाकऱ्या ओट्यावर ठेवायला ती विसरली नव्हती.

पुढचे चाळीस दिवस कमलम्मा गोजाबाईच्या खोलीवर राहिली, तिथूनच दवाखान्यात जायची. हे पेठेत कळलं आणि गोजाबाईच्या भाकऱ्या बंद झाल्या. पहिलं घर माझं. निरोपसुद्धा मी शेजारणीकरवी पाठवला, तोंडानं सांगायची हिंमत कुठं होती? मग बाकीची आठ घरंही तुटली. बाईनं एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायचं काम धरलं.

दोन वर्षांनी मंडळाला जाग आली. त्या सहा जणांना बोलावून सत्कार करायचा ठरला. प्रत्येकाला सोलापुरी चादर, हार आणि नंतर जेवण. आभाराचं भाषण माझ्याकडं. मी नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. गोजाबाईचाही सत्कार करा, एवढंच सुचवलं, तर मल्लिनाथ म्हणाला की ती काय नर्स आहे का? आणि जेवणाच्या भाकऱ्या मात्र तिलाच सांगितल्या.

कमलम्मा मोडक्यातोडक्या मराठीत बोलली. म्हणाली, सोलापुरात मला पहिलं छप्पर सरोजिनीबाईंनी दिलं. घरात आजारी माणूस होतं, त्यांचा नाइलाज झाला. तरी त्यांनी ओटी भरून मला मानानं पाठवलं, गोजाबाईनं मला सगळं समजावून सांगितलं. सख्खी बहीणही एवढं करत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे ओट्यावर कानडीत हे बोलणं झालं होतं तर! माझी लाज त्या बाईनं आपल्या पदराखाली झाकली होती, आणि मी तिचीच भाकरी तोडली. आता गप्प बसले असते तर माझं नाव आणखी मोठं झालं असतं. माईकपुढं उभी राहिले तेव्हा हातात भाषणाचा कागद होता. तो मी घडी करून ठेवला.

"कमलम्मा, मी तुम्हाला मानानं पाठवलं नाही. घराबाहेर काढलं आणि आतून कडी लावून बघत बसले. तुम्हाला ठेवून घेतलं गोजाबाईनं, आणि त्यापायी आम्ही सगळ्यांनी तिचं काम तोडलं."

मग मल्लिनाथनं माझ्या हातातून माईक घेतला. म्हणाला, बघा बाईंचा मोठेपणा, कसा सगळा कमीपणा स्वतःकडं घेतात! पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जोरात. कमलम्मा तेवढी माझ्याकडं बघत राहिली. तिनं टाळी वाजवली नाही.

मी खाली उतरून मांडवामागं गेले. गोजाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. कर्णा तिच्या डोक्यावरच बांधला होता, म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. दोनशे माणसांपुढं बोलले होते, आता तिची माफी मागायला आले होते. शेवटी म्हटलं काय, तर दोन वर्षांत बाजाराला जाता-येता आमच्या बोळात एकदाही दिसली नाहीस, माझ्यावर राग धरलास ना?

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"राग कसला, बाई? मला बघून तुमाला मान खाली घालाय लागू नये म्हनून मी पलीकडच्या बोळातनं जात हुते की."