केळीसारखी चढवलेली माती

सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर जुना पेपर अंथरला होता आणि त्यावर मेलेली रोपं ओळीने ठेवली होती. सेक्रेटरी सावंतकाका म्हणाले, "माळी बदलायचं ठरलंय. रोपं त्याच्यामुळे मेली, एवढं तुमच्या कंपनीने लिहून द्या." ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते हरेश्वरभाऊ दाराबाहेर चपलांशेजारी उभे होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

मी वसईतल्या एका लँडस्केपिंग कंपनीत साइट सुपरवायझर आहे. दिवाळीनंतर आम्ही या सोसायटीच्या गेटजवळच्या वाफ्यात ह्युकेरा लावला होता. त्यालाच कोरल बेल्स म्हणतात. फुलं नाजूक घंटांसारखी असतात, पण लोक ते घेतात जांभळ्या-तांबूस पानांसाठी. मूळचं थंड हवेचं रोप. थंडी सरायच्या आत त्यातली बरीच सडली होती.

येण्याआधी आमच्या कंपनीच्या सरांचा फोन झाला होता. माळ्याची चूक निघाली तर तसं लिहून दे, आपला विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा कामगार युनियनची पत्रकं जास्त होती. त्यामुळे माळ्याची चूक नसणारच, हे मी रोप न बघताच ठरवून टाकलं होतं.

मी वाफ्यापाशी गेले आणि हाताने माती उकरली. प्रत्येक रोपाभोवती मातीचा छान गोल ढीग होता. ह्युकेराची पानं जमिनीलगतच्या एका माथ्यातून फुटतात. तो माथा उघडा राहावा लागतो. मातीखाली गेला, वरून ओल मिळाली, की सडतो.

"भाऊ, ही माती कोणी चढवली?"

"मीच. रोप हलत होतं. आमच्या गावाला, चांदीपला, केळीला चढवतो तशीच चढवली." ते थांबले. "म्हंजे माझ्याच हातानं मेली म्हना."

मला हो म्हणावं लागलं. मग पाण्याचं विचारलं. रोज दोन वेळा, असं ते म्हणाले. तसं आमच्याच टीमने लावून जाताना सांगितलं होतं. माथ्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

मी ऑफिसात परतले तोवर सर आले होते. मी सावंतकाकांना सांगितलं की माती भाऊंनी चढवली, ती चूक आहे. पाणी आम्ही चुकीचं सांगितलं, तीही चूक आहे. आणि जी रोपं उरली आहेत तीही या उघड्या वाफ्यात पुढचा उकाडा आणि पावसाळा बहुतेक काढणार नाहीत.

"मग लावलीत कशाला?"

"ब्रोशरमध्ये छान दिसतात म्हणून."

सावंतकाका चष्मा पुसायला लागले. ब्रोशरमधला तो फोटो त्यांनीच निवडला होता, कमिटीत आग्रहही त्यांचाच होता. मग ते म्हणाले, "हरेश्वर, बाहेर काय उभा राहिलायस? आत ये. आता काय करायचं ते ऐकून घे."

उरलेली रोपं आम्ही खालून भोकं असलेल्या कुंड्यांत हलवली. मातीत जाड रेती आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातला, पाणी साचू नये म्हणून. माथा मातीच्या वर ठेवला. कुंड्या पूर्वेकडच्या लॉबीच्या पायऱ्यांवर ठेवल्या. तिथे सकाळचं कोवळं ऊन येतं आणि पाऊस लागत नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. गेटजवळच्या वाफ्यात ऊन-पाऊस सोसणारे क्रोटन लावले.

भाऊंची नोकरी राहिली. मला मात्र सरांनी त्या साइटवरून काढून सातिवलीच्या एका कारखान्याच्या लॉनवर टाकलं.

पाऊस संपल्यावर सहज त्या सोसायटीत डोकावले. काही कुंड्या रिकाम्या होत्या, काहींत जांभळी पानं होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू प्रेमाने एका कुंडीत शेणखत लोटत होत्या. भाऊ त्यांना अडवत होते. "काकू, माथ्यावर नको. कडेनं टाका. ही केळ नाय."

सर अजूनही गिऱ्हाइकाला ब्रोशर देतात. मी त्यात एक छोटं पत्रक सरकवते. पहिलीच ओळ आहे : हे रोप वसईच्या पावसाळ्यात मरू शकतं. ह्युकेराची विक्री कमी झाली. तक्रारीही.