गाठोड्याला ताप

वाल भिजवून फडक्यात बांधले की मोड येतात, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. बेलवलीची माझी आत्या दर आठवड्याला मूठ-दोन मूठ वाल बांधते आणि थंडीत त्यावर जुनी गोधडी टाकते. गेल्या हिवाळ्यात मात्र तिला पहिल्यांदाच बाहेरचं काम मिळालं. जवळच्या कॅम्प पाच या वस्तीतल्या एका सिंधी केटररला मराठी लग्नात बिरडं, म्हणजे मोड आलेल्या वालांची उसळ, द्यायचं होतं. सोललेले वाल आत्या पुरवणार होती. "माई, पहला काम है, बराबर करना," एवढंच तो बोलला. जमलं तर पुढची कामंही तिलाच मिळणार होती. स्वतःच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्या हातच्या कामाला घराबाहेरून मागणी आली नव्हती.

तिने सगळे वाल भिजवले आणि सुती साडीत त्यांचं एकच मोठं गाठोडं बांधलं. थंडी फार म्हणून दोन गोधड्या गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा ती गाठोड्याजवळच बसली होती.

"हात घाल," ती म्हणाली.

फरशी बर्फासारखी होती आणि गाठोड्याचं पोट आंघोळीच्या पाण्याइतकं गरम.

"उन्हात ठेवलं होतंस?"

"कालपासून इथंच आहे." तिने ताप मोजायचा थर्मामीटर वालांत खुपसला आणि माझ्यापुढे धरला. "एकशे चार. माणूस असता तर दवाखान्यात नेला असता."

तेवढ्यात आतेबहीण आली. ती अंबरनाथला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिने पर्स खांद्यावरून न काढताच हात घातला आणि तिचा चेहरा उजळला.

"आई, हे श्वास घेतायत."

"वाल?"

"वालच. आतलं साठवलेलं पीठ खातायत."

तिने सांगितलं ते असं. पाणी लागलं की दाण्यातल्या पेशी जाग्या होतात. साठवलेल्या पिठाची साखर करतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने ती साखर टप्प्याटप्प्याने मोडतात. त्यातून सुटलेल्या ऊर्जेचा एक भाग एटीपी नावाच्या लहानशा रेणूत भरला जातो. मोड वाढतो तो त्या भांडवलावर. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. मूठभर वालांची ऊब फडक्यातून उडून जाते, कुणाला कळत नाही. इथे गाठोडं मोठं, त्यावर दोन गोधड्या. ऊब जाणार कुठे? आपल्या शरीरातही हेच चालतं, जेवणाचं हेच होतं, असं ती म्हणाली. 'ऊर्जा' हा शब्द मी बातम्यांत असंख्य वेळा लिहिला होता. हाताला लागला तो त्या दुपारी.

"शिकवणी नंतर," आत्या म्हणाली. "आधी सोड गाठ."

आम्ही वाल हॉलभर पसरले, गार पाणी शिंपडलं, पंखा लावला. कडेचे मोड पांढरे, टणक होते. मधले वाल बुळबुळीत झाले होते आणि त्यांना आंबूस, झिंग आणणारा वास होता. तिथे हवा पोचली नव्हती. बहिणीने सांगितलं, हवेविना पेशी साखर अर्धवट मोडतात, जेमतेम ऊर्जा मिळवतात आणि मागे अल्कोहोल सोडतात.

"म्हणजे माझ्या वालांनी दारू पाडली," आत्या म्हणाली. हसली नाही.

"थोडे मिसळ ना. एवढ्या मसाल्यात कुणाला कळणार?" बहीण म्हणाली.

"मला कळेल."

मधले सगळे तिने बाजूला काढले. आता माल कमी पडत होता आणि सकाळी टेम्पो येणार होता. आत्या चप्पल घालून निघाली. गल्लीत ज्यांच्या ज्यांच्या घरी बिरड्याचा बेत होता त्यांच्याकडून ती बांधलेली फडकी घेऊन आली. प्रत्येक गाठोडं मुठीएवढं, हाताला किंचित कोमट. उघडलं की आत मोड, एकही चुकलेला नाही. फडक्यांबरोबर बायकाही आल्या आणि सोलायला बसल्या.

"वहिनी, आमचं बिरडं लग्नातली माणसं जेवणार, आम्ही काय खायचं?" एकीने विचारलं.

"दारू पाडलीय आज," आत्या म्हणाली. "ती घे."

सकाळी केटररने एक दाणा दाताखाली फोडला. "माई, अगले हफ्ते भी," म्हणाला आणि टेम्पोत बसला.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ओट्यावर छोट्या छोट्या फडक्यांची रांग होती, मध्ये बोटभर जागा सोडून. गोधड्या घडी घालून माळ्यावर. थर्मामीटर शेजारी होता, पण आत्याने तो उचलला नाही. लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा ती एकेका गाठोड्यावर हात ठेवत पुढे गेली.